पाणी न पिणारी गाडी

आमच्या घरमालकांनी मला खोली दिली ती माझ्या पगारावर नाही, घराण्यावर नाही, तर एका उत्तरावर. लोणावळ्यात मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली होती आणि ट्रंक, वळकटी स्टेशनवर ठेवून मी खोली शोधत हिंडत होते. गावाच्या खंडाळ्याकडच्या टोकाला, मुंबई-पुणे रस्त्याच्या अगदी कडेला एक बैठं कौलारू घर दिसलं. पुढे मोठं फाटक, फाटकाच्या आत विहीर. ओसरीवर धोतर, काळा कोट आणि टोपी अशा थाटात एक गृहस्थ बसले होते. त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, “समजा, उद्या तुम्हाला मोटार घ्यायची आहे. कोणती घ्याल?”

मला त्या वेळी नवी चप्पल घ्यायची तरी पुढच्या पगाराची वाट बघावी लागे. मी म्हटलं, “घ्यायचीच झाली तर मोठी घेईन.”

“आठ सिलिंडर?”

सिलिंडर म्हणजे नेमकं काय ते मला ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरची आशा बघून नाही म्हणवेना. “आठ तरी हवेतच,” मी म्हणाले.

“शालू,” ते आत तोंड करून ओरडले, “बाईंचं सामान स्टेशनवरून आणायला कुणाला तरी पाठव गं. राहायला येतायत.”

शालू म्हणजे त्यांची मुलगी. आमच्याच शाळेत ती गाणं आणि शिवण शिकवायची, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आई लहानपणीच गेलेली, भावंड नाही. घरात ही दोघंच. मी त्यांना काका म्हणू लागले. गावात सगळे त्यांना भाऊ म्हणत, शालू अण्णा.

काकांनी उभ्या आयुष्यात मोटार चालवली नव्हती. त्यांना सायकलसुद्धा येत नव्हती. जन्म गेला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी करण्यात. पण लोणावळ्यात राहून घाट चढणाऱ्या आगगाड्या पाहिलेल्या. चढणीला कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि ढकलत ढकलत वर आणतात, हे त्यांच्या डोळ्यांत भरलेलं. त्यावरून त्यांनी एक सिद्धान्त काढला होता, आणि तो ते वेदवाक्यासारखा सांगत: घाटापुढे हुशारी चालत नाही, इंजिन मोठं लागतं. आणि मोठं इंजिन जगात एकट्या अमेरिकेला करता येतं.

त्या काळी शनिवार आला की मुंबईची बडी मंडळी लोणावळ्याच्या आपापल्या बंगल्यांवर येत. त्यांच्या गाड्या अमेरिकन. काय त्यांचा विस्तार! पुढच्या बाजूला चकचकीत जाळी, मागे माशासारखे पर, आत सोफ्याएवढ्या गाद्या. वळणावर अशी गाडी वळायला लागली की समोरून येणारा ट्रकवाला आदरानं थांबायचा. घाट चढून येईपर्यंत मात्र या राण्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. रेडिएटर उकळायला लागायचे, बॉनेटच्या फटींतून वाफ यायची, आणि नेमकं आमचं फाटक समोर दिसायचं.

काका झारी घेऊन तयारच असत. विहिरीचं पाणी सकाळीच उपसून पिंपात उन्हात ठेवलेलं असे, कारण तापलेल्या इंजिनाला गार पाणी घालायचं नसतं, त्यानं तडा जातो. मालक घाईघाईनं बॉनेट उघडायला लागला की काका त्याला अडवत. “आधी बसा. तिलाही बसू द्या. तापलेल्याला लगेच पाणी देऊ नये.” मग मालकाला ओसरीवर गूळ-पाणी. मग चहा. मग बायकामुलांची चौकशी. गाडी निवेपर्यंत मुंबईच्या शेअर बाजारापासून त्या घरातल्या सुनेच्या डोहाळ्यांपर्यंत सगळं काकांना कळलेलं असे. शेवटी ते फडक्यानं झाकण उघडून, धार धरून, गाडीला हळूहळू पाणी पाजत. पाजत हा त्यांचाच शब्द. “घे, घे, सावकाश,” असं पुटपुटतही असत. कुणी पैसे देऊ केले तर त्यांना राग येई. दारात आलेल्याला पाणी द्यायचे कोणी पैसे घेतं का?

समोर रस्त्यापलीकडे इब्राहिमभाईंचं पंक्चरचं दुकान होतं. ते टायरच्या चळतीवर बसून हे सगळं बघत आणि म्हणत, “बाई, भाऊंना गाड्यांचं वेड आहे असं लोकांना वाटतं. मला विचाराल तर त्यांना बोलायला माणूस लागतो. गाडी हे निमित्त आहे.” मी हे हसण्यावारी नेलं. माणसाला वेड असावं आणि त्या वेडाला कारण नसावं, हेच मला त्या वयात गमतीचं वाटायचं.

काकांच्या या वेडापायी शालूचं लग्न मात्र रखडत होतं. बघायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला काका तोच प्रश्न घालायचे, जो मला घातला होता. तळेगावचा एक बँकेतला मुलगा सरळपणानं म्हणाला, “मला सायकल पुरते.” काकांनी त्याला पोहे दुसऱ्यांदा वाढायला लावले आणि स्थळ नाकारलं. दुसरा एक जण म्हणाला, “पेट्रोलचा खर्च बघून लहानच घ्यावी.” काका रात्रभर अस्वस्थ. “जो गाडीच्या पोटाला चिमटा काढतो, तो बायकोच्या पोटाला काढणार नाही कशावरून?” शालू आता तिशी ओलांडून गेली होती. आधी आधी ती हसायची. पुढे पुढे स्थळ आलं म्हटलं की मान खाली घालून शिवण घेऊन बसायची. काका तिला मुद्दाम ठेवून घेतायत, असं माझ्या मनात यायचं. मग स्वतःचीच लाज वाटायची, कारण काका दुष्ट नव्हते, नुसते आडमुठे होते.

सत्तरचं दशक अर्धं सरलं तशा अमेरिकन गाड्या कमी होऊ लागल्या. पेट्रोल महागलं, सुटे भाग मिळेनात. शनिवारी ओसरीवर भरणारी बैठक विरळ झाली. काका मात्र पिंप भरून झारी हातात घेऊन उभे. शेवटी नेमानं येणारे एकच उरले, ते तुंगार्लीला बंगला असलेले मुंबईचे शेठ, आणि त्यांची आकाशी रंगाची आठ सिलिंडरची लांबलचक गाडी.

अशात एका दुपारी ती जर्मन गाडी आली.

आली म्हणजे आवाजच आधी आला, शिट्टी वाजवल्यासारखा. मग फाटकापाशी एक बुटकी, चपटी, बेडकासारखी बसलेली गाडी थांबली. वाट विचारायला थांबली होती, पण काकांना ते कुठलं कळायला. ते झारी घेऊन धावले. आत एक गोरा साहेब आणि शेजारी एक सावळा, तरतरीत मराठी तरुण. चिंचवडच्या एका कारखान्यात साहेब मोठे इंजिनिअर होते आणि हा दत्ता त्यांच्या हाताखाली.

काकांनी पुढे जाऊन बॉनेटवर हात ठेवला. ते गार होतं.

दत्ता म्हणाला, “काका, इंजिन मागे आहे. आणि हिला पाणी लागत नाही. हवेवर थंड होते.”

“पाणी लागत नाही?” काकांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “घाट चढून आलीय ना?”

“हो. पण रेडिएटरच नाही तिला.”

“असू दे. थोडं तरी घेऊ दे. दारात आलीय.”

साहेबांनी काय ते दत्ताकडून समजून घेतलं आणि हसत, हात जोडून नको म्हटलं. मग काकांनी साहेबांपुढे पाण्याचा तांब्या धरला, तर साहेबांनी त्यालाही नको म्हटलं. विहिरीचं पाणी त्यांना सोसत नसावं. पण काकांच्या दृष्टीनं झालं ते भयंकर झालं. गाडीनं पाणी नाकारलं ते नाकारलं, वर मालकानंही नाकारलं.

ही शोभा दत्ताच्या लक्षात आली असावी. तो खाली उतरला. शालू पाणी घेऊन आली होती, तिच्या हातून त्यानं एक पेला घेऊन घटाघटा प्यायला, मग साहेबांच्या वाटणीचा प्यायला, आणि मग म्हणाला, “आता गाडीच्या वाटणीचाही द्या.” शालू हसली. इतक्या दिवसांत तिला तशी हसताना मी पाहिलं नव्हतं. काकांनी यातलं काहीच पाहिलं नाही. ते गाडीकडे टक लावून बघत होते.

गावात आठवडाभर तोच विषय. काका भेटेल त्याला सांगत, “आमच्या घरचं पाणी न पिता गेली.” दुसऱ्या कुणाकडे लग्नात मानपान चुकला असता तर जसं बोलले असते तसंच. त्यांनी त्या गाडीशी संबंध तोडला म्हणून जाहीर केलं. इब्राहिमभाई रस्त्यापलीकडून ओरडत, “भाऊ, तुमची पाणी न पिणारी आत्ता पुण्याकडे गेली. सलाम सांगितलाय!” काका खांद्यावरचा पंचा झटकून आत निघून जात.

संबंध तोडले तरी गाडी काही यायची थांबली नाही. साहेब लांब रजेवर मायदेशी गेले आणि बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी गाडी फिरवून आणायचं काम दत्ताकडे आलं. दत्ता मूळचा तळेगावपुढच्या कान्हे गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, शिकून दोन वर्षं जर्मनीत राहून आलेला. चिंचवडहून निघून कान्ह्याला आईला भेटायचं आणि परत फिरायचं, एवढंच खरं तर पुरेसं होतं. पण दर रविवारी गाडी कान्ह्याहून पुढे लोणावळ्यापर्यंत यायची आणि आमच्या फाटकाशी उभी राहायची. काकांना वाटे, हा पोरगा आपल्याशी वाद घालायला येतो. तोही मन लावून वाद घालायचा.

“आमची अमेरिकन सांगायच्या आधी निघते,” काका म्हणत. “पाय नुसता टेकवला की मागच्या माणसाची टोपी पडते. तुमची?”

“आमची जरा विचार करते,” दत्ता म्हणे. “पाय दाबला की क्षणभर काहीच नाही. मग एकदम मागून कुणी ढकलल्यासारखी सुटते. टर्बो आहे ना.”

“टर्बो म्हणजे काय?”

“इंजिनातून धूर बाहेर जातो ना काका, त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो. तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. म्हणून लहान इंजिनातून मोठ्याचं काम निघतं.”

काकांनी धोतराचा सोगा नाकाशी धरला. मग घृणेनं म्हणाले, “म्हणजे एकदा टाकलेला धूर परत कामाला लावायचा? हे उष्टं झालं!”

आतून शालूचा आवाज आला. “अण्णा, रात्रीच्या पोळ्या मी सकाळी कुस्करून फोडणीला घालते, तेव्हा तुम्ही मागून मागून खाता. ते काय असतं?”

“पोळी वेगळी, धूर वेगळा,” काका म्हणाले, पण त्या दिवशी वाद तिथंच संपला.

अमेरिकन गाडी म्हणजे ऐसपैस माणूस, जर्मन म्हणजे मोजून मापून बोलणारा, असं काकांचं म्हणणं. दत्ता म्हणे, ऐसपैस माणूस वळणावर डोलतो त्याचं काय? काका म्हणत, डोलतो म्हणून तर आतल्याला झोप लागते. दत्ता म्हणे, चालवणाऱ्यालाही लागते. इब्राहिमभाईंना पंच नेमलं होतं, पण ते कधी निकाल देत नसत. “चाकं दोघींचीही रबराचीच आहेत,” एवढंच म्हणत. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. काका रविवारची वाट बघायला लागले होते. अकरा वाजून गेले आणि शिट्टी ऐकू आली नाही तर उगीचच फाटकापर्यंत जाऊन येत.

मग एका रविवारी दत्तानं शालूला मागणी घातली. सरळ, ओसरीवर, काकांच्या समोर, माझ्या देखत.

काकांचा चेहरा बघवेना. त्यांना वाटत होतं पाहुणा आपला आहे. तो मुलीचा निघाला. खांद्यावरचा पंचा झटकून ते म्हणाले, “ज्या गाडीला पाणी लागत नाही, ती चालवणाऱ्याला माणसं लागत नाहीत. माझी मुलगी मी देणार नाही.”

शालू स्वयंपाकघरातून बाहेर आली. पिठाचे हात तसेच. “अण्णा, आजवर तुम्ही नाही म्हणालात, मी गप्प बसले. या वेळी मी गप्प बसणार नाही. मला हा मुलगा पसंत आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून जाणार नाही, पण दुसरं स्थळ बघायलाही कधी येणार नाही. इथंच बसून राहीन तुमच्याजवळ. तेच हवंय ना तुम्हाला?”

एवढं सगळं ती एका दमात बोलली आणि तिला रडू कोसळलं. मी तिला आत नेलं. बाहेर काका खांबाला टेकून उभे होते. इतके दिवस जे मी मनातल्या मनात दाबत होते ते ती बोलून गेली होती.

दोन दिवस काकांनी पिंप भरलं नाही, झारीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी काका मला म्हणाले, “बाई, मला माणसं पारखता येत नाहीत. गाड्या येतात. त्या दत्ताला सांगा, खोपोलीपासून घाट चढायचा. मी शेठच्या गाडीत बसतो, तो त्याच्या गाडीत. शर्यत नाही. घाई करायची नाही, वळणावर कुणाला ओलांडायचं नाही. जी गाडी कुठंही न थांबता फाटकाशी येईल ती खरी. त्याची आली आणि आमची नाही आली, तर मुलगी दिली.”

“आणि दोन्ही आल्या तर?” मी विचारलं.

“तर बघू,” काका म्हणाले. त्यांचा त्यांच्या राणीवर केवढा विश्वास होता! शालूनं कपाळाला हात लावला. “माझं लग्न आता पेट्रोलवर ठरणार,” ती म्हणाली. पण नको म्हणाली नाही.

एप्रिलचा महिना होता. डोंगर करपून गेलेले, घाटातले ओढे कोरडे ठणठणीत. काका खोपोलीला एस.टी.नं गेले, कारण जर्मन गाडीत ते पाय ठेवणार नव्हते. शेठ मुंबईहून येऊन थांबले होते. त्यांना हा सगळा प्रकार भलताच आवडलेला. शालूला दत्ताच्या गाडीतूनच घाट चढायचा होता. लग्नाआधी तिनं एकटीनं त्याच्याबरोबर बसणं बरं दिसलं नसतं, म्हणून मला मागच्या सीटवर बसवलं. सीट कसली, बटाट्याची करंडी ठेवायची फळी ती. माझे गुडघे हनुवटीला लागले होते.

पहिल्या चढणीलाच मला टर्बोची ओळख झाली. दत्तानं पाय दाबला. काही झालं नाही. मी म्हणणार, “बंद पडली का हो?” तोच कुणीतरी पाठीत रट्टा घालावा तशी गाडी उधळली आणि माझा अंबाडा मागच्या काचेवर आपटला. वळण आलं की ती रस्त्याला चिकटून वळायची. मागे वळून बघितलं तर आकाशी गाडी ऐटीत, डोलत, हत्तीच्या चालीनं येत होती, आणि पुढच्या सीटवर काका दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून ताठ बसले होते. नवरदेवासारखे. दोन-तीन वळणांनंतर ती दिसेनाशी झाली.

आम्ही न थांबता फाटकाशी पोचलो. इब्राहिमभाई दुकान सोडून रस्त्यावर आले. “आली का पाणी न पिणारी? मग आता विहिणीचा मान कुणाचा?” सगळे हसलो. शालूचा चेहरा असा फुलला होता की मी दुसरीकडे बघितलं.

मग आम्ही थांबलो. चहा झाला. शेठची गाडी आली नाही. इब्राहिमभाई खंडाळ्याच्या दिशेनं डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. खालून आलेल्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं, “एक मोठी निळी गाडी उभी आहे बघा शिंगरोबाच्या देवळाच्या वरच्या वळणाला. वाफ निघतीय. टोपीवाले बाबा बसलेत कठड्यावर.”

शालूचं हसू मावळलं. ती जिंकली होती. पण तिचा बाप उन्हात घाटात बसला होता. कसली अट आणि कसलं काय, ती धावत पिंपाकडे गेली. दत्तानं तिच्या हातून झारी घेतली, एक कळशी भरून मी घेतली आणि आम्ही परत खाली निघालो. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना पाणी पाजणारा हा माणूस स्वतः घाट चढताना पाण्याचा तांब्याही घेऊन निघाला नव्हता. पाणी आपल्या दारात असतं आणि गाडी दारापर्यंत पोचतेच, असंच त्यांनी आजवर धरलेलं. दारापर्यंत न पोचलेल्या गाड्या त्यांना कधी दिसल्याच नव्हत्या.

शेठ वर्तमानपत्रानं वारा घेत झाडाखाली बसले होते. बॉनेट उघडं, आत घुसमटलेली वाफ. काका कठड्यावर पाठमोरे. आम्ही आलो तरी वळले नाहीत. शालूनं त्यांना आधी पाणी दिलं. त्यांनी ते मुकाट्यानं पिऊन टाकलं. दत्ता शेठच्या गाडीपाशी गेला, पण त्यानं झाकणाला हात लावला नाही. रेडिएटर निवायची वाट बघत तो कठड्यावर काकांच्या शेजारी बसला.

रस्त्याकडे बघतच काका म्हणाले, “आमची थांबली म्हणून तर तुम्ही परत आलात. न थांबती, तर चहा पीत बसला असता.”

शेठ मोठ्यानं हसले. काका हसले नाहीत. हरलेल्या माणसाचा तो बचाव नव्हता. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं.

“तुझी गाडी चांगली आहे रे,” ते दत्ताला म्हणाले. “पण ती कुठं थांबत नाही. तिला कुणाची गरजच नाही.”

“गाडीला नाही गरज,” दत्ता म्हणाला. “पण मी थांबतोच की काका. पावसाळा संपल्यापासून दर रविवारी थांबतोय. गाडी कशाला थांबवली असती, तिला तर पाणीही नको.”

काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीशिवाय त्यांना मी पहिल्यांदा पाहत होते. एकदम म्हातारे दिसले. “ही गेली की फाटकाशी मी एकटा,” ते शालूकडे न बघता म्हणाले. “गाड्या आता येत नाहीत. पूर्वी दर शनिवारी कुणी ना कुणी यायचं. आता मी झारी घेऊन उभा राहतो आणि सगळे पुढे निघून जातात. तूही गेलीस तर मी बोलू कुणाशी? म्हणून मी त्या सगळ्या मुलांना नाही म्हटलं, शालू. सायकलवाला मुलगा चांगला होता.”

शालू त्यांच्या शेजारी बसली. तिनं त्यांचा हात धरला. मी कळशी उगीचच उचलून सावलीत ठेवली. ज्याची वर्षानुवर्षं टर उडवली तो माणूस असा समोर उघडा पडला की आपल्यालाच कुठं बघावं कळत नाही.

“लग्न करा,” काका म्हणाले आणि टोपी परत घातली. “पण निकाल अमेरिकेच्या बाजूनं.”

लग्न घरच्याच अंगणात झालं. साहेब रजेवरून परत आले होते, त्यांनी नवरानवरीला गाडी दिली. शेठच्या आकाशी गाडीतून वऱ्हाडी पाठवायचे ठरले. निघायच्या वेळी प्रश्न आला पाठराखणीचा. नवरीबरोबर तिच्या माहेरची कुणी तरी बाई सासरी जाते, चार दिवस राहते, तिला परकं वाटू नये म्हणून. शालूला ना आई, ना आत्या, ना बहीण. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवीही भरली होती.

काका पुढे आले. हातात वळकटी आणि डबा. “पाठराखीण म्हणून मी जातो,” म्हणाले.

बायकांनी पदर तोंडाला लावले. एक म्हातारी म्हणाली, “अहो भाऊ, बाप कुठं पाठराखीण जातो का?” काका म्हणाले, “हिला आई नाही. आईची कामं आजवर मीच केली, हेही करतो.” आणि ज्या गाडीत पाय ठेवणार नव्हते, तिच्या मागच्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन जाऊन बसले. सुटताना गाडीनं क्षणभर विचार केला आणि मग उधळली. काकांची टोपी मागच्या काचेवर चेपलेली दिसली, तेवढीच.

दुसऱ्या दिवशी सत्यनारायण होता, म्हणून मी लोकलनं कान्ह्याला गेले. घर शेणानं सारवलेलं, पडवीत पंगत बसलेली. काका पंगतीच्या कडेला, आणलेला डबा उघडून बसले होते. पुढचं पान रिकामं. आदल्या रात्रीही त्यांनी घरून आणलेलीच भाकरी खाल्ली होती, असं शालू मला कानात म्हणाली. मुलीच्या घरी बापानं जेवायचं नसतं. तिला मूल होईपर्यंत तिथला घास घ्यायचा नाही, ही जुनी रीत, आणि काका ती पाळत होते. डब्यातल्या शिळ्या भाकरीचा तुकडा मोडायचे, खाली ठेवायचे. शालू वाढत होती. त्यांच्यापाशी आली की पातेलं घेऊन तशीच पुढे जायची.

दत्ताची आई आतून आली. काळीसावळी, ठेंगणी बाई, कासोट्याचं लुगडं. तिनं काकांच्या पुढचं पान बघितलं, डबा बघितला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“भाऊ, ह्ये काय मांडलंय?”

“विहीणबाई, रीत आहे,” काका मान खाली घालून म्हणाले. “लेकीच्या घरी जेवू नये.”

“लेकीचं घर कुटं हाय हितं?” ती म्हणाली. “ह्ये घर माजं हाय. माज्या नवऱ्यानं बांदलंय, म्या सारवलंय. ती कालच्याला आलीया, तिचं व्हायला लय वरसं हाईत अजून. तवर तुमी माजे पावने. जेवा निवांत, आन चार दिस र्‍हावा. मागनं बी येत जावा. मला बी दिसभर बोलायला कुनी न्हाई.”

तिनं काकांच्या पुढचा डबा उचलला, झाकण लावलं आणि आत नेऊन ठेवला. शालूनं पुरणपोळी वाढली, तुपाची धार धरली. काकांनी पहिला घास घेतला. ते तसेच बसून राहिले, तोंडात घास, गालांवरून पाणी. मग त्यांनी घास गिळला, कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि विहीणबाईंना विचारलं, “समजा, उद्या तुम्हाला मोटार घ्यायची आहे...”

“मला कशाला मोटार?” ती म्हणाली. “मी कुटं जानार हाय? हितंच हाय मी.”

काका तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, जन्मभर ते तो प्रश्न विचारत फिरले, आणि हे उत्तर त्यांना पहिल्यांदाच मिळालं. त्यांनी पान पुढे सरकवलं आणि शालूला म्हणाले, “आणखी एक वाढ.”